गेनूतात्यांचे बिनशिंगी बैल

गेनूतात्या, माझ्या आयुष्यात मी ज्यांचा सर्वांत जास्त देणेदार आहे ते तुम्ही. आईचं आणि वडिलांचं, म्हणजे दादांचं, देणं आहेच, चाकणच्या शाळेतल्या मास्तरांचंही आहे. पण पहिलं नाव घ्यायचं झालं तर मला गेनू सुतार हेच नाव घ्यावं लागेल. तुम्ही असताना हे मी एकदाही तुमच्यासमोर बोललो नाही. तुम्ही ऐकूनही घेतलं नसतं. "जा रं, लई शिकलास," असं म्हणून वाकस उचलला असता आणि समोरच्या लाकडाचा ढलपा उडवला असता.

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. मला सुतक नव्हतं. तुम्ही सुतार, मी कुणब्याचा. आपलं नातं कुठल्याच नावात बसत नाही. त्यामुळे तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पिंपरीच्या कारखान्यात भांडाराच्या टेबलावर हजर होतो. शेजारच्या कारकुनानं विचारलं, "कोण वारलं तुमच्यात?" मी म्हणालो, "आमच्या गावचे सुतार." "अस्सं," म्हणून त्यानं पुन्हा मान खाली घातली. तुमच्याबद्दल याहून जास्त सांगायला मला तिथं शब्द सापडले नाहीत. म्हणून हे लिहितो आहे.

चाकणच्या पुढं, रस्त्याला लागूनच आपलं गाव. तुमचं कामाचं छप्पर रस्त्याच्या कडेला. मी सहा वर्षांचा असेन. पोळ्याच्या आधी सगळ्या पोरांनी मातीचे बैल केले होते. माझा बैल वाळताना दुभंगला, म्हणून मी रडत तुमच्याकडे आलो. तुम्ही जमिनीवर बसून कुळवाची दांडी तासत होतात. डाव्या पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात लाकूड पक्कं धरलेलं, उजव्या हातात वाकस. लांब पडलेली पटाशीसुद्धा तुम्ही वाकून घेत नव्हता. पाय लांब करून बोटांनी ओढून घ्यायचात. आम्ही पोरं म्हणायचो, तात्यांना तीन हात आहेत.

तुम्ही बाभळीचा एक तुकडा उचलला, चार घाव घातले आणि माझ्या हातात ठेवला.

"हे काय?"

"बैल."

"शिंगं कुठायत?"

"दिसत न्हाईत व्हय तुला?"

"न्हाई."

"मग घरी जा. दिसली म्हंजी ये."

मी आणखी मोठ्यानं रडलो. आई म्हणाली, "सुतारानं ठोकळा देऊन पोराची बोळवण केली." पण मला तो टाकवला नाही. मी दोन दिवस त्याच्याकडे बघत बसलो. लढाईचे दिवस होते. पुण्याहून नाशिककडे मिलिटरीच्या लॉऱ्या जायच्या, एकामागून एक, धूळ उडवत. तिसऱ्या दिवशी मला त्या ठोकळ्यात बैल दिसला नाही, लॉरी दिसली. मी धावत तुमच्याकडे आलो आणि गुन्हा कबूल करावा तसं सांगितलं.

तुम्ही काम थांबवलंत. "बैल दिला हुता. लॉरी निघाली?"

"व्हय."

"कुठं चालली?"

हे मला कोणीच विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "बर्म्याला." शाळेत मास्तरांच्या तोंडून ऐकलेला शब्द होता. "लांब हाय," तुम्ही म्हणालात, "वाटंत खायाला काय घेतलंय?" मग मला ते सगळं सांगावं लागलं: आत किती शिपाई, कोण गाडी हाकतो, नदीला पाणी आलं तर काय करायचं. तुम्ही हुंकार देत ऐकत होतात आणि दांडी तासत होतात.

तो तुमचा कायदाच होता. पहिल्या ठोकळ्याचं काय केलं ते सांगितल्याशिवाय तुम्ही दुसरा देत नव्हता. कोणाला चाकाविना गाडी, कोणाला आरीविना भोवरा, कोणाला नुसती फळी. पुरं केलेलं खेळणं तुमच्या छपरातून कधी बाहेर पडलं नाही. मोठी माणसं म्हणायची, गेनू आळशी आहे. आम्हाला ठाऊक होतं की तसं नाही. ज्याला सांगता यायचं नाही त्याला तुम्ही रागावत नव्हता. फक्त म्हणायचात, "मग अजून तुजं खेळून झालं न्हाई."

खळ्यावर आमचं गाव वसायचं. ज्यानं ठोकळा आणला त्यानं त्याचं नाव सांगायचं आणि ते सगळ्यांनी मानायचं, एवढाच नियम. एकदा तुम्ही शेतावरून येता येता दमून तिथं एका ओंडक्यावर टेकलात. आम्ही सगळे ओरडलो, "तात्या, पाटलाच्या घरावर बसलात!" तुम्ही चटका बसल्यासारखे उठलात, मुंडासं सारखं केलंत आणि त्या ओंडक्याला हात जोडून म्हणालात, "चुकलं पाटील, उनानं दिसलं न्हाई." आम्ही हसलो नाही. आम्हाला ते अगदी योग्य वाटलं. पाटलाची माफी मागितल्याशिवाय तुम्हाला जाऊ दिलंच नसतं.

मला पुढे कॉलेजात निबंधाला बक्षीस मिळालं तेव्हा प्राध्यापकांनी विचारलं होतं, "घरी कोणी शिकलेलं आहे का?" मी नाही म्हणालो. ते उत्तर खरं होतं आणि अपुरं होतं.

गावची शाळा चौथीपर्यंत. चौथी झाली आणि दादांनी मला औताला लावायचं ठरवलं. त्यांचं काही चुकत नव्हतं. घरात दुसरा गडी नव्हता आणि नांगर मी धरणार हे माझ्या जन्मापासून ठरलेलं होतं. तुम्ही नांगराचं रुमणं, म्हणजे हातात धरायची मूठ, बसवायला आला होतात. मी खुंट्यापाशी उभा होतो. तुम्ही दादांना म्हणालात, "पोरगं चाकणला घाल शाळंत."

"आन् औत कोन धरंल? तू?"

"ऐक. ह्या पोराला ठोकळ्यात लॉरी दिसती. त्याला बैलामागं उभा केलास तर बैलात बी लॉरीच बघंल. तुजं नांगराचं तास वाकडं जाईल, म्हनून सांगतुया."

दादा हसले नाहीत. तुम्ही तीन दिवस रोज आलात. दुसऱ्या दिवशी भांडण इतकं वाढलं की आईनं मला घरात ओढून घेतलं. दादा म्हणाले, "तुला काय कळतं शिक्षणातलं? तुला सही येत न्हाई." तुम्ही म्हणालात, "म्हनून तर कळतं." तिसऱ्या दिवशी तुम्ही रुमणं अर्धवट ठेवून निघालात आणि सांगितलंत की पोरगं शाळेत गेल्यावर उरलेलं बसवीन. पेरणी तोंडावर आलेली. दादांचा नाइलाज झाला. रोज चार मैल चालत मी चाकणला जाऊ लागलो, तिथून पुण्याला गेलो आणि आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. झालो. हे सगळं एका न बसवलेल्या रुमण्यानं झालं.

आता मला दिवाळीचं सांगितलं पाहिजे. ते मी टाळत आलो आहे.

नोकरी लागल्यानंतरची ती पहिली दिवाळी. पुण्यात एका दुकानात पत्र्याची मोटार होती, लाल रंगाची, किल्ली दिली की पळणारी. तुमच्या नातवासाठी मी ती घेतली. तुमच्या अंगणात किल्ली दिली आणि सोडली. ती सरळ गेली, उंबऱ्याला धडकली, उलटी झाली आणि चाकं हवेत फिरत राहिली. पोरं वेडी झाली. तुम्ही ती उचलून खालून वरून पाहिलीत.

"चांगली हाय. पर हिच्यात पोरानं करायचं काय?"

"बघायचं, तात्या. पळते ती."

"म्हंजी खेळती मोटार, आन् पोरगं नुसतं बसतंय."

बाकीची माणसं हसली. मला राग आला. पुण्यात राहिलेला, पगार आणणारा मी, आणि माझी भेट अशी सगळ्यांसमोर तोलली जात होती. मी म्हणालो, "तात्या, जग पुढं गेलंय. लोखंडी नांगर आले, तसली खेळणी आली. तुमच्या ठोकळ्यांनी आता कोण खेळणार? आम्हाला दुसरं काही मिळत नव्हतं म्हणून आम्ही खेळलो."

तुम्ही मोटार नातवाच्या हातात दिलीत आणि कामाला बसलात. ती तिसऱ्या दिवशी बंद पडली, असं मला नंतर कळलं. ते मला तुम्ही सांगितलं नाहीत.

त्या बोलण्याची टोचणी मला लागली होती. पण माफी मागायची तर आपलं चुकलं असं वाटावं लागतं, आणि मला तसं वाटत नव्हतं. मला वाटलं, तुमचं काहीतरी भलं केलं की ती टोचणी जाईल. लोखंडी औतांमुळे तुमचं काम खरोखरच कमी झालं होतं. सुगीला खळ्यावर तुमच्या वाट्याचं धान्य काढताना लोक कुरकुर करू लागले होते. इकडे कारखाना उभा राहिला होता, आणखी उभे राहणार होते, आणि माल भरायला लाकडी खोकी लागत होती. दापोडीला एका ठेकेदाराची वखार होती, त्याला सुतार हवे होते. मी शब्द टाकला आणि तुम्हाला पत्र लिहिलं.

त्या पत्रावर तुम्ही आलात. हातात हत्यारांची पिशवी होती. "तू लिवलंस म्हनून आलो," एवढंच म्हणालात. मला फार मोठं काही केल्यासारखं वाटलं होतं.

दापोडीला रुळांच्या बाजूला एका खोलीत चार माणसांत तुमची सोय झाली. मी रविवारी यायचो. दर वेळी तुम्ही थोडे आणखी बारीक दिसायचात. वखारीत बसून काम नव्हतं. टेबलापाशी उभं राहायचं आणि खोकी ठोकायची, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तीच.

एकदा मी विचारलं, "जमतंय ना?"

"जमाया काय झालं? खोकं म्हंजी सहा बाजू. सगळी सारखी." मग तुम्ही म्हणालात, "रामा, मला त्यात काय दिसत न्हाई रं."

मी म्हणालो, "पगार दिसतो ना? मग झालं."

तुम्ही हसलात. मीही हसलो. हे वाक्य मला आता रोज ऐकू येतं, माझ्याच आवाजात.

उन्हाळा आला तेव्हा तुम्ही गावी जायचं काढलंत. "पेरणीआधी लोकांची औतं बगाया पायजेत. चार का हुईनात, लोकं वाट बघत असतील." मी म्हणालो, "तात्या, दोन महिने तरी काढा. ठेकेदाराला मी शब्द दिलाय. माझं नाव खराब होईल." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. दादांसमोर तीन दिवस हटून बसणारा माणूस माझ्यासमोर मात्र एका वाक्यात गप्प झाला. "बरं, ऱ्हातो," म्हणालात.

पुढच्याच आठवड्यात तुम्हाला गोल करवतीवर लावलं. त्या दिवशी काय झालं ते मला तुमच्याबरोबर काम करणाऱ्या, परभणीकडून आलेल्या माणसानं सांगितलं. तो बिचारा रडत होता. "मामाला सांगितलं होतं बगा, खाली पडलेल्याला हात घालू नका, पातं खालून बी फिरतंय. त्यायनं हात नाही घातला. पाय घातला."

मी ते ऐकलं मात्र, आणि तुम्ही मला डोळ्यांसमोर दिसलात. तुम्ही घसरला नव्हता, चक्करही आली नव्हती. टेबलाखाली एक तुकडा पडला होता आणि तुम्ही पन्नास वर्षं जे केलं तेच केलंत. पाय लांब करून बोटांनी तो ओढून घ्यायला गेलात. दुसऱ्या कोणाला ही चूक सुचलीसुद्धा नसती. जमिनीवर बसून, पायात लाकूड धरून ज्यानं जन्म काढला, त्याच्याच हातून ती व्हायची होती. आणि त्याला यंत्रासमोर मी उभं केलं होतं.

तो माणूस पुन्हा पुन्हा म्हणत होता, "गाठीचा तुकडा होता, फेकायचाच. काय होतं त्यात एवढं?"

मला माहीत नाही काय होतं. पण इतक्या महिन्यांनी तुम्हाला लाकडात काहीतरी दिसलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात. पायाला हळद-चुना लावून फडकं बांधलेलं. दोन बोटं गेली होती. मी विचारलं, "दवाखान्यात गेला होता? सुई घेतली?"

"घेतली की."

तुम्ही खोटं बोलत होतात. ते मला कळलं होतं, तात्या. तुम्ही माझ्या नजरेला नजर देत नव्हता आणि फडकं घरचं होतं, दवाखान्यातलं नव्हतं. पण मला परत जायचं होतं, दुसऱ्या दिवशी भांडारात माल मोजणी होती, आणि तुमचं ते "घेतली की" माझ्या सोयीचं होतं. मी ते खरं धरलं. धनुर्वात म्हणजे काय हे आपल्या गावच्या गुराख्यालाही ठाऊक असतं. मी तर बी.ए. झालेला होतो.

आठव्या दिवशी तुमचा जबडा मिटला. पुण्याच्या मोठ्या इस्पितळात तुम्हाला एका अंधाऱ्या खोलीत ठेवलं. खिडकीला कांबळं लावलेलं. परिचारिकेनं मला दारातच थांबवलं आणि हळू आवाजात सांगितलं, आत बोलायचं नाही, पावलंही वाजवायची नाहीत. उजेडानं, आवाजानं झटका येतो. मी आत गेलो. तुम्ही मला ओळखलंत. डोळे तेवढे तुमचे उरले होते, बाकीचं शरीर धनुष्यासारखं ताणलेलं. बाहेर कोणाच्या तरी हातून भांडं पडलं आणि तुमची पाठ खाटेवरून उचलली गेली. ते मी पाहिलं. त्यानंतर तोंड उघडायची माझी छाती झाली नाही.

तुमच्या कारभारीण सखूकाकू गावाहून आल्या होत्या. दाराबाहेर जमिनीवर बसून त्या मला म्हणाल्या, "बोल की रं त्यांच्यासंगं. तुजं ऐकत्यात ते." मी म्हणालो, "काकू, बोलायचं नाही असं सांगितलंय." "एक सबुद बी न्हाई?" "एक शब्दही नाही."

माझं चुकलं, हे दोनच शब्द होते. दिवाळीपासून ते माझ्यापाशी होते. दापोडीच्या खोलीत कितीतरी रविवार मोकळे गेले, तेव्हा ते मला सुचले नाहीत. सुचले तेव्हा त्यांनी तुम्हाला झटका आला असता. मी दोन दिवस तुमच्या खाटेपाशी तोंड मिटून उभा राहिलो, आणि तिसऱ्या पहाटे मी चहाला बाहेर गेलो असताना तुम्ही गेलात.

आमच्या ठोकळ्यांबद्दल मी बोललो ते खोटं होतं, तात्या. दुसरं काही मिळत नव्हतं म्हणून आम्ही खेळलो नाही. मी आजही भांडारात एकटा असताना एखाद्या लाकडाच्या तुकड्याकडे बघतो, आणि त्यात गावच्या गाव उभं राहतं. एवढंच नाही, समोरच्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघणं मला जे थोडंफार येतं, तेही तिथूनच आलं. फक्त एका माणसाच्या बाबतीत मला ते जमलं नाही. लॉरीतल्या शिपायांनी वाटेत काय खायचं याचा मी विचार केला होता. दापोडीच्या खोलीत तुम्ही संध्याकाळी काय करत असाल, याचा केला नाही.

मागच्या रविवारी मी गावी गेलो होतो. सखूकाकूंनी तुमच्या हत्यारांच्या पिशवीतून माझं पत्र काढून दिलं. घडीवर तेलाचे डाग आहेत. मी म्हणालो, "काकू, तात्या यायला कसे तयार झाले?" त्या म्हणाल्या, "आपल्या गावच्या मास्तरांनी वाचून दावलं. पयल्यांदी न्हाई म्हनलं. दुसऱ्यांदी बी न्हाईच. तिसऱ्यांदी वाचलं तवा गप बसलं आन् पिशवी काढली." मग पत्र माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "तुजंच हाय. तू ने."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

पत्र खाली देतो आहे. एकही शब्द बदललेला नाही.

मु. पिंपरी

तीर्थस्वरूप गेनूतात्या यांस,
रामचंद्र याचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

इकडे मी खुशाल आहे. आपली व काकूंची खुशाली कळत नाही, तरी ती असावी असे धरून चालतो. पत्र लिहिण्यास कारण की, दापोडी येथे एका वखारीत चांगल्या सुतारांची गरज आहे. मी आपल्याविषयी बोललो आहे. काम सोपे आहे. कष्टाचे असे जे आहे ते येथे यंत्रच करते. विजेवर चालणारी गोल करवत मी स्वतः पाहिली. आपल्याला जे चिरायला सकाळ जाते ते ती डोळ्याचे पाते लवते न लवते तोच चिरते. आपले हात आयुष्यभर राबले, त्यांना आता विसावा मिळावा अशी माझी फार इच्छा आहे.

दिवाळीत मोटारीवरून बोलणे झाले ते आपण विसरून जावे. आपण माझ्यासाठी दादांशी तीन दिवस भांडलात, म्हणून मी आज येथे आहे. आता माझी पाळी आहे. आपण नाही म्हणाल हे मला ठाऊक आहे, परंतु आपल्याला तरी इकडचे काय माहीत? आपण काही पाहिलेले नाही. मी पाहिले आहे. एवढ्या एका गोष्टीत माझे ऐकावे.

उत्तर पाठवण्याची तसदी घेऊ नये. आपण स्वतःच निघून यावे, मी गाडीवर उतरवून घ्यायला येईन. कळावे, लोभ असावा.

आपला,
रामचंद्र

ता. क. मास्तरांस विनंती : तात्या पहिल्या खेपेस नाहीच म्हणतील. तरी कृपा करून ते हो म्हणेपर्यंत हे पत्र त्यांना पुन्हा पुन्हा वाचून दाखवावे.